अंगणात विटांचा पिझ्झा ओव्हन बांधताय? मग हे आधी वाचा

सगळ्यात आधी एक सांगतो, आग लागते तिथे साधी वीट आणि नुसतं सिमेंट वापरू नका, तिथे फायर ब्रिकच हवी, म्हणजे प्रचंड उष्णता सोसणारी खास वीट, कारण आत ४०० अंशांच्या वर तापतं आणि साधं सिमेंट त्यात भुगा होऊन सुटतं. पाया पक्का करा, त्यावर इन्सुलेशनचा, म्हणजे उष्णता अडवणारा थर द्या, हा थर लोक वाचवायला बघतात आणि मग तळ तापतच नाही, सगळी उष्णता खाली स्लॅबमध्ये जाते. तळाच्या विटा मसाला न लावता बारीक वाळूवर घट्ट बसवा, एखादी तडकली तर सहज बदलता येते.

घुमटासाठी ओल्या वाळूचा ढीग करून त्यावर विटा रचत जा, मसाला सेट झाला की वाळू काढून घ्या. दाराची उंची घुमटाच्या आतल्या उंचीच्या साधारण ६३ टक्के ठेवा, हे माप खरंच महत्त्वाचं, दार जास्त उंच झालं तर उष्णता बाहेर पळते आणि बुटकं झालं तर आग गुदमरते. चिमणी दाराच्या वर, घुमटाच्या बाहेर.

घुमटाला बाहेरून सिरॅमिक फायबरचं ब्लँकेट (उष्णता आत धरून ठेवणारी जाड चादर), वर प्लास्टर. आणि प्लीज पहिल्याच दिवशी मोठा जाळ करू नका, आठवडाभर रोज छोटी आग, हळूहळू वाढवत, नाहीतर आतल्या ओलाव्याची वाफ होऊन घुमटाला तडे जातात.