वकिलाच्या ऑफिसात हिशेबाला लागणार असाल तर

बी.कॉम झालं, टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर येत होतं, कोल्हापुरात शाहूपुरीत एका व्यापाऱ्याकडं वर्षभर एंट्र्या मारल्या होत्या, त्यामुळं वकिलांच्या ऑफिसात लागले तेव्हा वाटलं की इथं माल नाही, स्टॉक नाही, काम सोपंच असणार. दोन वकील, एक ज्युनिअर, एक कारकून काका आणि मी, एवढंच ऑफिस. पण तीन महिन्यांत कळलं की इथं आत आलेला प्रत्येक रुपया ऑफिसचा धरून चालत नाही, आणि हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

मी काय करायचे, पक्षकारानं पैसे दिले की रिसीट व्हाउचर म्हणजे जमेची नोंद, लेजर म्हणजे खातं 'फी', विषय संपला. मग करवीर तालुक्यातल्या एका आजोबांचा वाटणीचा दावा निकाली निघाला आणि ते माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, "पोरी, मी दिल्यालं खर्चाला किती गेलं तेवढं लिहून दे." माझ्याकडं उत्तरच नव्हतं. काकांच्या डायरीवरनं कोर्ट फी, वेल्फेअर तिकीट (वकिलांच्या कल्याण निधीचं), प्रोसेस फी (समन्स, नोटीस बजावायची), नकलेचा खर्च, टायपिंग, झेरॉक्स सगळं दोन दिवस बसून काढलं तेव्हा त्यांचे ३६०० रुपये परत द्यायचे निघाले. माझ्या पुस्तकात ते उत्पन्नात पडले होते.

त्या दिवशी आमच्या वकील मॅडमनी बार कौन्सिल ऑफ इंडियाचे, म्हणजे वकिलांच्या देशपातळीवरच्या संस्थेचे, नियम वाचायला दिले. त्यात स्पष्ट आहे की वकिलानं पक्षकाराच्या पैशाचा हिशेब ठेवायचा, पैसे घेताना ते फीचे का खर्चाचे हे लिहायचं, आणि खर्चासाठी दिलेले पैसे पक्षकाराच्या लेखी संमतीशिवाय फीकडं वळवायचे नाहीत. पक्षकारानं मागितलं तर हिशेबाची प्रत पण द्यावी लागते. म्हणजे आजोबा जे मागत होते तो त्यांचा हक्कच होता.

आता समजा २५,००० आले, त्यातले १५,००० फी आणि १०,००० खर्चाला, तर ते १०,००० मी करंट लायबिलिटीजखाली, म्हणजे आपल्या देण्यात, त्या पक्षकाराच्या लेजरला टाकते आणि जसा खर्च होईल तसा त्याच लेजरमधनं वजा (नावे) करते. प्रत्येक केसला टॅलीत वेगळं कॉस्ट सेंटर, म्हणजे त्या केसचा खर्च वेगळा दिसतो, नाव केस नंबरवरनं, कारण आडनावावरनं ठेवलं तर पाटील इतके निघतात की गोंधळ ठरलेला. पैसे जीपेवर आले तर नरेशन, म्हणजे पैसे कशाचे ती टीप, बहुतेक रिकामं असतं, म्हणून त्याच दिवशी फोन करून विचारायचं, आठवड्यानं पक्षकारालाही आठवत नाही.

काकांना पेटी कॅश, म्हणजे किरकोळ खर्चाची रोकड, दिली की संध्याकाळी व्हाउचर घ्यायचंच. कसबा बावड्यातल्या न्याय संकुलात दिवसभर पाच-पाच केसचे किरकोळ खर्च होतात, त्यातल्या बऱ्याच गोष्टींची पावती नसते, म्हणून तारीख, केस नंबर आणि काकांची सही एवढं तरी पाहिजे. पूर्वी हायकोर्टाच्या कामाला महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबईला जायचं, तिकीट, लॉज, जेवण, आणि एका फेरीत तीन केस असल्या की तो खर्च वाटायचा कसा हा वेगळाच ताप. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय, त्यामुळं हे प्रवासाचे व्हाउचर खूपच कमी झाले, पण सोलापूर, सिंधुदुर्गचे पक्षकार वाढले, आणि ते पैसे पाठवतात पण समोर येत नाहीत, म्हणून पावती लगेच व्हॉट्सॲपला टाकायची सवय लावून घेतली.

टीडीएसला, म्हणजे पैसे देणारा आधीच कापून सरकारकडं भरतो त्या आयकराला, नवीन माणूस हमखास अडकतो. कंपनी किंवा बँक पक्षकार असेल आणि ६०,००० चं बिल असेल तर १० टक्के कापून ५४,००० खात्यात येतात. उत्पन्न ६०,०००च लिहायचं, ६,००० टीडीएस रिसिव्हेबल, म्हणजे येणं. आमच्यासारखी बरीच ऑफिसं रोख पद्धतीनं पुस्तकं लिहितात, म्हणजे पैसे आल्यावर उत्पन्न. मग कंपनीनं मार्चमध्ये टीडीएस दाखवला आणि पैसे एप्रिलमध्ये दिले की आयकर खात्याकडचं टीडीएसचं विवरण (२६एएस) आणि आपलं पुस्तक जुळत नाही. अशा बिलांची मी वेगळी शीट ठेवते आणि सीए साहेबांना तीच आधी देते.

जीएसटीचं म्हणाल तर कागल एमआयडीसीतली एक कंपनी जीएसटी नंबर टाकून बिल द्या म्हणून मागं लागली होती. वकिलाच्या सेवेवरचा कर रिव्हर्स चार्जनं ती सेवा घेणारा व्यवसायच भरतो, त्यामुळं वकिलानं बिलात तो लावायचा नसतो. बिलावर तेवढी ओळ छापून घेतली, तेव्हापासून फोन बंद झाले.

पहिल्या आठवड्यात टॅली उघडायच्या आधी कारकुनाबरोबर दोन दिवस कोर्टात जाऊन या. नकलेचा अर्ज कुठं देतात, प्रोसेस फी कशाची भरतात, तिकीट कुठल्या कागदाला लागतं हे डोळ्यानं बघितलं की व्हाउचर हातात आल्यावर ते कुठल्या केसचं असणार हे निम्मं तुम्हालाच कळतं. आमच्या काकांनी मला हे सगळं चहाच्या टपरीवर बसवून शिकवलं, आणि त्यांची ती डायरी आता मी रोज संध्याकाळी त्यांच्यासमोरच टॅलीशी लावून घेते.