दोन कॅमेऱ्यांचे रंग जुळवायचेत? आधी अंतरपाट शोधा

लग्नाला दोन कॅमेरे लावले की एकात नवरी पिवळी आणि दुसऱ्यात जांभळट दिसणार, हे ठरलेलंच. मी हे काम दाविंची रिझॉल्व्हमध्ये करतो, त्याची फुकट आवृत्ती यासाठी पुरते. तुमचं सॉफ्टवेअर वेगळं असलं तरी क्रम हाच ठेवा.

लॉगमध्ये (फिकट, कमी कॉन्ट्रास्टच्या प्रोफाइलमध्ये) शूट केलेलं फुटेज आधी रेक. ७०९ मध्ये, म्हणजे नेहमीच्या एचडी व्हिडिओच्या रंगमानकात आणा. ज्या क्लिपमध्ये चेहरा सगळ्यात चांगला आलाय ती नीट करून तिचा स्टिल (तुलनेसाठी साठवलेली फ्रेम) घ्या. बाकीच्या क्लिपा तिच्याशी जुळवायच्या. क्लिपा आपोआप जुळवणाऱ्या 'शॉट मॅच'च्या नादी लागू नका. ते अख्खी फ्रेम मोजतं, त्यामुळे चेहऱ्याच्या क्लोजअपला मागच्या लाल मांडवाच्या रंगात ओढतं.

मग उजेड. वेव्हफॉर्म (फ्रेममधला उजेड खालून वर दाखवणारा आलेख) बघत लिफ्टने काळं आणि गेनने पांढरं दोन्ही क्लिपांत एका उंचीवर आणा, मधलं गॅमाने. हे झाल्याशिवाय रंगाला हात लावलात तर सगळं दोनदा करावं लागेल.

आता पांढरा. इथे मी बरीच वर्षं मार खाल्लाय. 'फ्रेममधली पांढरी वस्तू शोधा आणि परेडमध्ये लाल, हिरवा, निळा एका रेषेत आणा' असं जो तो सांगतो. परेड म्हणजे हे तीन रंग वेगवेगळे दाखवणारा वेव्हफॉर्म. मी एकदा नवरदेवाचा कुर्ता धरला. तो निघाला मोतिया रंगाचा! त्याला शुभ्र करण्याच्या नादात अख्खं वऱ्हाड निळसर पडलं. रात्री अडीचला डोळ्यांना ते अगदी छान वाटत होतं, कारण डोळे कुठल्याही रंगाला दहा मिनिटांत सरावतात. सकाळी नवरीच्या आईचा फोन आला, "सगळे आजारी का दिसतायत हो?" अख्खा व्हिडिओ परत एक्सपोर्ट केला.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. दोन क्लिपा जुळवायच्या असतील तर ती वस्तू शुभ्र असायची गरजच नाही, दोन्हीकडे तीच वस्तू असली की झालं. मंगलाष्टकं चालू असताना अंतरपाट दोन्ही कॅमेऱ्यांत एकाच क्षणी सापडतो. चांगल्या क्लिपच्या परेडमध्ये त्याचा निळा लालपेक्षा जरा खाली असेल, तर दुसरीतही तेवढाच खाली ठेवा. फरक फक्त वरच्या टोकाला असेल तर गेनचं चाक फिरवा, खालीही असेल तर लिफ्टचं. सगळीकडे सारखाच असेल तेव्हाच टेंपरेचरला (चित्र निळसर-पिवळसर करणाऱ्या सेटिंगला) हात लावा.

यातही एक खोच आहे. एक कॅमेरा नवरीच्या बाजूला आणि दुसरा नवरदेवाच्या बाजूला असेल, तर त्यांना कापडाच्या दोन वेगळ्या बाजू दिसतात आणि एकीवर व्हिडिओ लाइट पडलेला असतो. अशा वेळी अंतरपाट सोडा, गुरुजींचं उपरणं धरा.

शेवटी चेहरा. त्याच्याभोवती विंडो (निवडीचा आकार) काढून हायलाइट चालू केला की बाकीची फ्रेम करडी होते आणि व्हेक्टरस्कोपवर (रंगाची छटा आणि गडदपणा दाखवणाऱ्या गोल आलेखावर) फक्त त्वचा उरते. माणूस गोरा असो वा सावळा, त्वचेचा ठिपका लाल आणि पिवळ्याच्या मधल्या त्वचारेषेच्या आसपासच पडतो. फरक असतो तो उजेडाचा आणि रंगाच्या गडदपणाचा. म्हणून 'जुळवतोय' म्हणत सावळ्या नवरीला गोरं करू नका. घरच्यांनी सांगितलं तरी मी करत नाही.

सॅच्युरेशन (रंगाचा गडदपणा) सगळ्यात शेवटी, तेही थोडंसंच. मग स्टिल वाइप करून (अर्ध्या पडद्यावर आणून) दोन्ही क्लिपा शेजारी-शेजारी बघा. त्याआधी पाच मिनिटं खिडकीबाहेर नजर टाका.

हळदीच्या क्लिपांना मात्र हा चेहऱ्याचा नियम लावू नका. हळद माखलेला गाल त्या रेषेपासून पिवळ्याकडेच सरकणार, आणि सरकायलाच हवा. तिथे हळद न लागलेल्या करवलीचा हात शोधा आणि तो जुळवा.