मार्केट यार्डाचं बिलिंग लाइव्ह जायच्या आधी टेम्प्लेटमधले फिल्टर बघून घ्या

गुलटेकडीच्या आडत्यांसाठी केलेलं बिलिंग आता लाइव्ह जाईल, सर्व्हरला जँगो (पायथनचं वेब फ्रेमवर्क) आणि डॅशबोर्ड अँग्युलरमध्ये (ब्राउझरमधल्या स्क्रीनसाठीचं फ्रेमवर्क), तर त्याआधी सगळ्यांनी आपापल्या स्क्रीनवरचे फिल्टर, म्हणजे व्हॅल्यू दाखवताना तिचं रूप बदलणारी छोटी फंक्शन्स, एकदा बसून तपासा. अँग्युलरमध्ये त्यांनाच पाइप म्हणतात.

पहिली गोष्ट, रक्कम. आडत्याला १२,३४,५६७ दिसलं की बारा लाख एका नजरेत कळतात, १,२३४,५६७ दिसलं तर तो आकडे मोजत बसणार, आणि गाळ्यावर गिऱ्हाईक उभं असताना त्याला तेवढा वेळ नसतो. जँगोचा इंटकॉमा, म्हणजे आकड्यात स्वल्पविराम घालणारा फिल्टर, डीफॉल्ट सेटिंगला तीन-तीनचेच गट पाडतो, म्हणून आपला रुपयांचा एकच फिल्टर लिहायचा, एकाच फाइलीत, आणि सगळीकडे तोच लोड करायचा. त्याला शून्य, ९९९, ९९,९९९, १,००,०००, उणे रक्कम, रिकामी व्हॅल्यू असं सगळं देऊन बघा. अँग्युलरच्या करन्सी पाइपला काही सांगितलं नाही तर तो अमेरिकन लोकॅल (त्या देशाची आकडे-तारखा लिहायची पद्धत) आणि डॉलर धरतो, तिथे भारतातल्या इंग्लिशचा लोकॅल डेटा रजिस्टर करा आणि करन्सी कोड रुपयाचा द्या.

बाकीच्या, म्हणजे येणं असलेल्या रकमेच्या, कॉलममध्ये डीफॉल्ट फिल्टर (व्हॅल्यू रिकामी असेल तर ठरवलेला मजकूर दाखवणारा) कुठे लावलाय ते आवर्जून शोधा, कारण त्याला शून्यही रिकामंच वाटतं. ज्याने पूर्ण पैसे चुकते केलेत त्याच्यापुढे बाकी ० दिसायला हवी, 'माहिती नाही' नको, म्हणून तिथे डीफॉल्ट-इफ-नन, तो व्हॅल्यू नन (None) असेल तरच चालतो.

तारखेला मात्र खरंच वेळ द्या. डेटाबेसमध्ये वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, आहे, आपण साडेपाच तास पुढे, आणि यार्डात माल पहाटेच उतरतो. १ एप्रिलला रात्री दोन वाजता केलेलं बिल यूटीसीत ३१ मार्चच्या रात्री साडेआठचं असतं, म्हणजे नुसती तारीख नाही, आर्थिक वर्षच चुकीचं छापलं जाईल. नव्या जँगो प्रोजेक्टमध्ये टाइम झोन यूटीसीच असतो, तो एशिया/कोलकाता केलाय ना बघा, आणि व्ह्यूमध्येच तारखेची स्ट्रिंग बनवून पाठवली असेल तर टेम्प्लेट ती बदलत नाही, तसं कुठे असेल तर काढा. अँग्युलरच्या डेट पाइपमध्ये वर्षासाठी स्मॉल वाय, कॅपिटल वाय म्हणजे आठवड्यांवरून मोजलेलं वर्ष, वर्षभर बरोबर दिसतं आणि डिसेंबरच्या शेवटी गडबड होते.

आता स्पीड. फिल्टरचं काम दाखवणं, त्याने आत बसून क्वेरी (डेटाबेसला विचारणा) मारायची नाही, ५०० ओळींच्या लिस्टमध्ये तो ५०० वेळा चालतो. एकूण आणि सॉर्टिंग डेटाबेसकडून करून घ्या. नुसता आकडा हवा असेल तर क्वेरीसेटवर (डेटाबेसमधून मागवलेल्या ओळींच्या संचावर) लेंग्थ नको, काउंट वापरा, कारण लेंग्थ सगळ्या ओळी आणून मोजतो, पण त्याच ओळी खाली लूपमध्ये दाखवणारच असाल तर लेंग्थच बरा, दुसरी क्वेरी वाचते. अँग्युलरमध्ये पाइप प्युअरच ठेवा, म्हणजे त्याला दिलेली व्हॅल्यूच बदलली तर तो चालेल; यादीत पुश केलं आणि स्क्रीन बदलली नाही म्हणून कुणी तो इम्प्युअर केला असेल तर तो प्रत्येक चेंज डिटेक्शनला, म्हणजे स्क्रीनवर काय बदललं ते अँग्युलर तपासतो त्या प्रत्येक वेळी, चालणार, त्यापेक्षा नवीन अ‍ॅरे बनवून द्या.

नावं मराठीत आहेत हे विसरू नका, स्लाइसने 'पुणे'ची पहिली तीन अक्षरं मागितली तर 'पुण' येतं, मात्रा वेगळी मोजली जाते, म्हणून कापायचंच असेल तर शब्दांवर कापा.

आणि प्रोजेक्टभर 'सेफ' सर्च करा, तो फिल्टर मजकूर एस्केप न करता, म्हणजे त्यातली एचटीएमएल चिन्हं निष्प्रभ न करता, तसाच छापतो. शेरा किंवा पत्ता, जे कुणीही टाइप करू शकतं, ते सेफमधून जात असेल तर ते आजच्या आज काढा, तिथून कुणीही स्क्रिप्ट घुसवू शकतो. ओळी वेगळ्या दिसाव्यात एवढ्यासाठीच लावला असेल तर लाइनब्रेक्स फिल्टर पुरतो, ऑटोएस्केप चालू असताना तो मजकूर एस्केपही करतो.