नाणं विचित्र दिसतंय? टाकसाळीतली चूक आहे की नंतर मार खाल्लाय, ते असं ओळखा

सोलापुरातल्या जुन्या घरात देवघराच्या खणात नाहीतर आजीच्या पितळी डब्यात काय काय निघतं बघा, शिवराई, राणीछाप रुपया, भोकाचा पैसा, आणि निजामाची हद्द पार तुळजापूर-नळदुर्गपर्यंत होती त्यामुळे चारमिनार असलेली हाली सिक्क्याची नाणी पण. त्यातलं एखादं वेडंवाकडं दिसलं की कुणीतरी लगेच म्हणतं अरे हे एरर कॉइन, लाखात जाईल. बहुतेक वेळा ते नुसतं खराब झालेलं नाणं असतं. पण कधीकधी खरंच टाकसाळीतली चूक असते, आणि ओळखता न आल्यामुळे लोक ते चिंच-पितांबरीने चकाचक घासतात किंवा सराफाकडे मोडीत घालतात, आणि मला याचं जास्त वाईट वाटतं. म्हणून पहिली विनंती, घासू नका. काहीही लावू नका. आधी बघा.

काय काय लागतं तर सराफ वापरतात तसलं दहा पट मोठं दाखवणारं भिंग, पॉइंट शून्य एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा, एक लोहचुंबक आणि मोबाईलचा टॉर्च. टॉर्च वरून नाही मारायचा, बाजूने तिरका मारायचा, म्हणजे काय उठावदार आहे आणि काय खोल आहे ते सावलीवरून कळतं. उन्हात धरून बघाल तर नुसती चमक दिसेल.

आता मुद्द्याचं. टाकसाळीत गुळगुळीत चकती दोन डायच्या, म्हणजे पोलादी ठशांच्या मधे ठेवतात, बाजूने कॉलर, म्हणजे चकतीला धरून ठेवणारं कडं असतं, आणि प्रचंड दाब दिला की धातू डायच्या खोलगट भागात सरकत जाऊन अक्षरं वर उठतात. म्हणजे चूक त्या वेळीच झाली असेल तर धातू त्या चुकीप्रमाणे वाहिलेला दिसणार. नाणं बाहेर पडल्यावर मात्र धातू फक्त दाबला जातो, खरवडला जातो, कापला जातो किंवा झिजतो. डायला तडा गेला तर त्या तड्यात धातू शिरतो, म्हणून नाण्यावर *उठावदार* रेघ येते. रेघ खोल गेलेली असेल तर जवळजवळ नक्की ओरखडा समजा. एवढं एक डोक्यात ठेवलं तरी अर्धी नाणी बाजूला होतात.

कड कापल्यासारखं नाणं हा प्रकार सगळ्यात जास्त फसवतो म्हणून जरा सविस्तर सांगतो. पोळी लाटून वाटीने पुऱ्या पाडताना वाटी आधीच्या भोकावर थोडी गेली की पुरी चंद्रकोरीसारखी खाल्लेली निघते ना, तसंच पत्र्यातून चकत्या कापताना होतं. अशी चकती डायखाली जायच्या आधी कड उठवणाऱ्या यंत्रातून जाते, तिथे कापलेल्या बाजूला दाब नीट बसत नाही, त्यामुळे बरोबर *समोरच्या* बाजूची कड पण पुसट, अर्धवट उठलेली दिसते. कापलेल्या जागेजवळची अक्षरं त्या बाजूला थोडी ओढल्यासारखी, पसरट होतात. कानशीने किंवा छिन्नीने कापलेल्या नाण्यात असं काही नसतं, समोरची कड एकदम ठणठणीत, अक्षर मधेच सपकन तुटलेलं, आणि भिंगातून कापलेल्या जागी कानशीच्या बारीक रेघा. वजन दोन्हीत कमी भरतं, त्यामुळे नुसत्या वजनावर जाऊ नका, समोरची कड बघा.

दुसरा प्रकार लाखी. एका बाजूला नेहमीचा छाप आणि दुसऱ्या बाजूला तोच छाप उलटा, आरशात दिसतो तसा, खोल गेलेला. आधीचं नाणं डायला चिकटून राहिलं आणि त्याच्यावरच पुढची चकती ठोकली गेली की हे होतं. खरी लाखी असेल तर उलटा छाप कडेपर्यंत पूर्ण आणि स्वच्छ असतो आणि पलीकडची बाजू चांगली उठलेली असते. दोन नाणी एकावर एक ठेवून शिकंजात दाबली तरी उलटा छाप येतो, पण तिथे मूळ अक्षरांचे अवशेष खाली डोकावतात आणि उठाव चेपून सपाट झालेला असतो.

छाप एका बाजूला सरकलेला असेल तर आधी नाणं कुठल्या काळातलं ते बघा. शिवराई हाताने ठोकलेली, ठसा चकतीपेक्षा मोठा, त्यामुळे ‘श्री राजा शिव’ मधलं अर्धं अक्षर बाहेर गेलेलं असणं हे अगदी नेहमीचं आहे, ती एरर नाही. आकार गोल नसणं पण नेहमीचंच. तसंच 1943 ते 47 चा पैसा भोकाचाच होता, आणि कंगोऱ्यांचा आणा, चौकोनी दोन आणे हे पण मुद्दाम तसे बनवलेले. मशीनवर पाडलेलं नाणं मात्र सरकलं असेल, एका बाजूला रिकामी चंद्रकोर राहिली असेल आणि वजन पूर्ण भरत असेल, तर ते नीट जपून ठेवा.

नाणं पसरट, मोठं झालंय आणि काठावरचे दाते नाहीत? कॉलर नसताना ठोकलं गेलं असेल तर मधला छाप ठसठशीत राहतो. हातोडीखाली किंवा रुळावर गेलेल्याची अक्षरं पण सपाट होतात.

वजनाचं सांगायचं तर राणीछाप रुपया 11.66 ग्रॅम, म्हणजे जुना पूर्ण तोळा. एक रुपयाचं तांबं-निकेलचं नाणं 1975 पासून 8 ग्रॅम, 1983 पासून 6 ग्रॅम, आणि 1992 पासून 2011 पर्यंतचं स्टीलचं 4.85 ग्रॅम, त्यानंतरचं आणखी हलकं. स्टीलचं चुंबकाला चिकटतं, तांबं-निकेलचं नाही, पण 1947 चा रुपया शुद्ध निकेलचा आहे म्हणून तो चिकटतो, त्याला नकली समजून टाकू नका. रंग वेगळा दिसला की लोक लगेच चुकीच्या धातूवर छापलंय म्हणतात, पण चंद्रभागेत वर्षानुवर्षं पडलेली नाणी काळी, तांबूस, बारीक खड्ड्यांची होतातच. नाणं पातळ, हलकं आणि सगळीकडे सारखंच पुसट असेल तर कुणीतरी तेजाबात टाकलेलं असणार. सोनेरी दिसत असेल तर उंच भागावरचा मुलामा आपोआप झिजून खालचा रंग दिसतोय का बघा.

राणीछापच्या वरच्या कडेला डाग लागल्यासारखं दिसलं तर तिथे माळेची कडी झाळलेली होती. छोटे ठोकलेले शिक्के सराफांनी चांदी तपासताना मारलेले, ते नुकसानच, पण मला ते पुसावेसे वाटत नाहीत, त्या रुपयाचा प्रवास त्यात आहे.

आपली स्वातंत्र्यानंतरची नाणी पुस्तकाचं पान उलटतो तशी उलटली की मागची बाजू सरळच दिसली पाहिजे. बऱ्यापैकी तिरकी किंवा पूर्ण उलटी आली तर डाय फिरलेली होती, आणि ही चूक नंतर कुणी करूच शकत नाही, फक्त दोन नाणी कापून जोडलेली नाहीत ना म्हणून काठावर सांधा बघून घ्या.

मंगळवार पेठेतला सराफ धातू आणि वजन बरोबर सांगेल, एरर सांगणं त्याचं काम नाही, त्यासाठी नाणी जमवणाऱ्यालाच दाखवा. फोटो पाठवताना दोन्ही बाजू, काठ आणि काट्यावरचं वजन, चारही पाठवा. आणि जुनं नाणं लाखात घेतो म्हणून कुणी आधी कमिशन, टॅक्स मागितला तर तिथेच फोन ठेवा. रिझर्व्ह बँकेने 2021 मध्येच स्पष्ट सांगितलंय की अशा व्यवहारात ती नसते आणि असली फी ती घेत नाही.