पंखावरचा फ्रॉस्ट आणि डी-आयसिंग: या चुका टाळा

बर्फ साचलेला दिसला की कुणीही सावध होतं. फसवतो तो फ्रॉस्ट. हवेतलं बाष्प पंखावर गोठून बनलेला पातळ, पांढुरका थर. वेग घेतला की निघून जाईल असं वाटतं. तो निघत नाही. मध्यम सँडपेपरइतका खरखरीत थरही पंखाची उचल सुमारे ३० टक्क्यांनी घटवू शकतो. ४ जानेवारी २००२ रोजी इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला चॅलेंजर ६०४ जातीचं जेट उडताक्षणीच डावीकडे कलंडून कोसळलं आणि त्यातले पाचही जण गेले. विमान रात्रभर उघड्यावर होतं, पारा उणे ९ पर्यंत उतरला होता. सकाळी शेजारच्या इतर विमानांचं डी-आयसिंग, म्हणजे द्रव फवारून बर्फ काढणं, झालं; याचं झालं नाही.

नुसता थर्मामीटर पाहून निर्णय घेऊ नका. निरभ्र, शांत रात्री पंख हवेपेक्षाही थंड होतो, त्यामुळे तापमान शून्याच्या वर असतानाही फ्रॉस्ट धरतो. शंका आली तर शिडी लावा आणि पंखाच्या वरच्या बाजूवरून हात फिरवा. खालून टॉर्च मारून हे कळत नाही.

दुसरी चूक फवारायच्या द्रवांची गल्लत. हे ग्लायकॉल आणि पाण्याचे द्रव ‘टाइप’ क्रमांकांनी ओळखतात. नारंगी टाइप १ पातळ असतो, तो गरम करून मारतात. नोझलपाशी किमान ६० अंश हवेत, कारण थर वितळवण्याचं खरं काम उष्णता करते. हिरवा टाइप ४ घट्ट असतो आणि साफ झालेल्या पंखाचं रक्षण करतो. तो थेट फ्रॉस्टवर ओतला तर खालचा थर झाकला जातो, इतकंच. शिवाय तो वाहून जायला टेकऑफला साधारण १०० नॉटचा वेग लागतो. वैमानिक प्रशिक्षणासाठी कॅनडात गेलेल्या मुलामुलींनी हे पक्कं ध्यानात ठेवावं: सेसना १७२ सारखं विमान ५५ नॉटच्या आसपासच जमीन सोडतं. त्यावर टाइप ४ नको.

‘टाइप १ पाणी न घालता मारला तर जास्त टिकेल’ हा समज तर घातकच. शुद्ध इथिलीन ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या सुमारास गोठतं. ६० टक्के ग्लायकॉल आणि बाकी पाणी असेल तर गोठणबिंदू उणे ४० च्याही खाली जातो. टाइप १ च्या मिश्रणाचा गोठणबिंदू बाहेरच्या तापमानापेक्षा किमान १० अंश खाली हवा. रिफ्रॅक्टोमीटरने (मिश्रणातलं ग्लायकॉलचं प्रमाण दाखवणाऱ्या उपकरणाने) तपासा, अंदाजावर जाऊ नका.

होल्डओव्हर वेळ, म्हणजे फवारलेला द्रव पंखाला जितका वेळ राखतो तो काळ, शेवटची फवारणी सुरू झाल्यापासून मोजतात, संपल्यापासून नाही. फ्रॉस्ट पडतच असेल तर टाइप १ ला ॲल्युमिनियमच्या पंखावर साधारण ४५ मिनिटं मिळतात, कंपोझिटवर (तंतू आणि रेझिनच्या पंखावर) त्याहून कमी.

हवेत गेल्यावर एलेव्हेटर (विमानाचं नाक वर-खाली करणारा शेपटीचा हलता भाग) जड वाटला तर वाळलेल्या घट्ट द्रवाचा संशय घ्या. टाइप २ आणि ४ हे घट्ट द्रव पुन्हापुन्हा मारले की हलत्या भागांच्या फटींत पूड उरते, ती ओलावा शोषून फुगते आणि उंचीवर गोठते. अशा विमानाच्या फटी उघडून पाहायला सांगा, गरम पाण्याने धुऊन घ्या आणि त्या जागी पुन्हा ग्रीस भरल्याची खात्री करा.