एजंट चुकतोय? आधी टूलचं वर्णन उघडा: या चुका टाळा

उन्हाळ कांद्याच्या हंगामात नाशिकमधल्या एका कांदा व्यापाऱ्यासाठी आम्ही एआय एजंट, म्हणजे साध्या बोलण्यातून काम ओळखून ते स्वतः उरकणारा प्रोग्राम, तयार करत होतो. लासलगाव आणि पिंपळगाव बसवंतचे भाव सांगायचे, आवक सांगायची, खरेदी झाली की नोंद टाकायची, एवढंच काम. पहिल्याच आठवड्यात शेठनी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं, "पिंपळगाव, पन्नास क्विंटल, अठराने घेतला. नोंद कर." एजंटने नोंद केली: दर १८. सॉफ्टवेअरमधला दर प्रति क्विंटल होता, त्यामुळे ९०,००० रुपयांची खरेदी ९०० रुपयांना लागली.

दोन दिवस आम्ही मॉडेललाच, म्हणजे एजंटमागच्या एआयलाच, दोष देत बसलो. दुसरं मॉडेल लावलं, तरी तेच. मग टूलचं, म्हणजे नोंदीसारखं एकेक काम करायला एजंट जे फंक्शन बोलावतो त्याचं, वर्णन उघडलं. तिथे होतं: "खरेदीची नोंद करते. दर: संख्या." लिलावात दर क्विंटलचा पुकारतात आणि बोलताना किलोचा सांगतात, हे लासलगावच्या शाळकरी पोरालाही माहीत असतं. एजंटला ते कोण सांगणार? तो टूलचा कोड वाचत नाही. त्याच्यासमोर टूलचं नाव, वर्णन आणि इनपुटचा जेसन स्कीमा (कोणती मूल्यं कशी भरायची याचा आराखडा) एवढंच येतं. मॉडेलला टूल वापरू देणारं, ओपनएआयने जून २०२३ मध्ये आणलेलं फंक्शन कॉलिंग घ्या किंवा टूल्स जोडण्याचं प्रमाणित तंत्र म्हणून अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेलं एमसीपी, दोन्हीकडे हेच.

आता तिथे असं आहे: "दर: रुपये प्रति क्विंटल. किलोचा दर सांगितला असेल तर १०० ने गुणा. एकक कळत नसेल तर नोंद करू नका, आधी विचारा." शिवाय दर फारच कमी आला तर टूल नोंद नाकारतं आणि कारण सांगतं: "१८ मिळाला, क्विंटलचा दर हवा होता." एररचा मजकूर हाही वर्णनाचाच भाग समजा. नुसतं "अवैध इनपुट" लिहिलंत तर एजंट तीच चूक पुन्हा पाठवत राहतो.

सर्वांत मोठी चूक मात्र वेगळीच आहे, आणि ती जवळजवळ सगळेच करतात: वर्णन स्वतः वाचून "छान आहे" म्हणायचं. लिहिणाऱ्याला सगळं आधीच माहीत असतं, त्यामुळे गाळलेली गोष्ट त्याला दिसतच नाही. वर्णन चालवूनच तपासावं लागतं. आम्ही शेठच्या जुन्या मेसेजमधून ४० प्रश्न उचलले, तेही जसेच्या तसे, अर्धवट वाक्यांसकट. "आज पिंपळगाव काय?", "लालची आवक किती?" प्रत्येकासमोर कोणतं टूल वापरलं जावं आणि त्यात कोणती मूल्यं जावीत ते हाताने लिहिलं. एकाच प्रश्नाला एजंट दर वेळी तेच करेल असं नाही, म्हणून प्रत्येक प्रश्न पाच वेळा चालवला. टूल चुकीचं निवडलं की मूल्यं चुकीची भरली, हे वेगवेगळं मोजा. पहिल्याचं मूळ बहुधा नावात आणि वर्णनात सापडतं, दुसऱ्याचं स्कीमात.

यादीत टूल लागूच नये असे प्रश्नही हवेत. "पुढच्या महिन्यात भाव वाढेल का?" याला आमचा एजंट मागचे भाव काढून ठामपणे अंदाज सांगायचा. भाव सांगणाऱ्या टूलच्या वर्णनात "फक्त झालेल्या लिलावांचे भाव, पुढचा अंदाज नाही" हे वाक्य घातलं आणि तो प्रकार थांबला.

एकसारखी दोन टूल्स हा आणखी एक घोळ. आमच्याकडे "भाव मिळवा" होतं आणि "बाजार माहिती"ही होतं. दोन्हीत भाव यायचे, आणि एजंट कधी हे उचलायचा, कधी ते. एकत्र करता आली तर करा. नाहीतर प्रत्येकात लिहा: आजच्या भावासाठी हे, जुन्या भावासाठी ते.

जिथे मोजकेच पर्याय असतात तिथे मोकळा मजकूर घेऊ नका. कांद्याचा प्रकार लाल की उन्हाळ, बाजार कोणता, याची यादी स्कीमातच द्या. नुसत्या "पिंपळगाव" नावाची गावं महाराष्ट्रात कितीतरी आहेत. तारखेचा साचाही ठरवून टाका, नाहीतर ०३-०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च, हा वाद संपत नाही.

पण म्हणून वर्णनाचा निबंधही करू नका. सगळ्या टूल्सची वर्णनं प्रत्येक वेळी मॉडेलला वाचायला दिलेल्या मजकुरात जातात आणि टोकन (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत मोजतं ते) खातात; देवनागरी मजकुराला तर इंग्रजीपेक्षा बहुधा जास्तच टोकन लागतात. "अत्यंत शक्तिशाली" असली विशेषणं काढा. त्यांनी एजंट नको तिथे त्या टूलकडे ओढला जातो.

एमसीपीमध्ये टूलवर "फक्त वाचन" किंवा "नुकसान करू शकतं" अशा खुणा करता येतात. त्या फक्त सूचना आहेत, कुलूप नव्हे. नोंद पुसायची असेल तर माणसाची संमती कोडमध्येच घ्या. आणि बाहेरचं टूल जोडण्याआधी त्याचं वर्णन शब्दन् शब्द वाचा, कारण त्यात एजंटसाठी लपवलेले हुकूमही असू शकतात.

४० पैकी १० प्रश्न आम्ही बाजूला ठेवतो आणि ते बघून वर्णन कधीच सुधारत नाही. नाहीतर वर्णन त्या यादीपुरतंच पाठ होतं आणि शेठने नवं काही विचारलं की पुन्हा गडबड. मॉडेलची आवृत्ती बदलली की सगळे ४० प्रश्न पुन्हा चालतात, मग वर्णनातलं एक अक्षरही बदललेलं नसो.