कोरड्या डोंगरातल्या कोंडांकडे निघण्याआधी

ताई, भावोजी आणि सगळेच, पुढच्या जुलैत आपण आठजण दोन गाड्या घेऊन ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी, ॲलिस स्प्रिंग्जच्या पश्चिमेला वेस्ट मॅकडोनेल रांगेत हिंडणार आहोत. मी एकदा जाऊन आलोय, म्हणून तयारीचं सगळं एका जागी लिहून ठेवतो.

सर्वांत आधी पाणी. आपण गोव्यातल्या सांखळीची माणसं, व्हाळ, झर आणि विहिरी बघत वाढलो. हरवळ्याच्या धबधब्यावर जाताना कुणी घरून बाटली भरून घेत नाही. हीच सवय तिथे घात करते. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, तिथे जेमतेम २८०. पहिल्या दिवशी मी एक लिटर घेऊन निघालो, दुपारी बाराला बाटली रिकामी, आणि समोर काठोकाठ भरलेला कोंड, म्हणजे नदीतला खोल डोह. ते पाणी तसंच पिण्याजोगं नसतं. म्हणून माणशी दिवसाला चार लिटर, आणि प्रत्येक गाडीत वीस लिटरचा कॅन वेगळा. कॅन ॲलिसमध्येच विकत घ्यायचे आणि तिथेच भरायचे.

कोंड कोरड्या प्रदेशात टिकतात कसे, हे मुलांना आधी सांगून ठेवा. नद्यांनी कठीण क्वार्टझाइट खडकाची रांग आरपार कापली. एरवी वाळूचंच पात्र असतं, पण पूर येतो तेव्हा चिंचोळ्या घळीत पाण्याचा जोर वाढतो आणि तळ खोल खणला जातो. मग उंच कडे सावली धरतात, त्यामुळे पाणी हळू आटतं. ऑर्मिस्टनचा कोंड दक्षिण टोकाला चौदा मीटर खोल असल्याचा अंदाज आहे. पण त्याच सावलीमुळे पाणी बर्फासारखं गार असतं. आपण समुद्रात तासन्‌तास डुंबतो, या भरवशावर मुलांना एलरी क्रीकच्या कोंडात उडी मारू द्यायची नाही. आधी पाय, मग कंबर, आणि काठावर टॉवेल व कोरडे कपडे तयार. तरंगायची ट्यूब प्रत्येक मुलासाठी एक. सिम्पसन्स गॅपला मात्र पोहायला मनाई आहे. तिथे सकाळी लवकर जाऊन खडकांवरच्या वॉलबी, म्हणजे कांगारूसारखे छोटे प्राणी, बघायचे.

गाडी डावीकडूनच चालवायची, तेवढं सोपं. आपला गाडी चालवायचा परवाना इंग्रजीत आहे, तरी इंटरनॅशनल परमिट काढून ठेवूया. ॲलिसपासून ऑर्मिस्टनपर्यंत, म्हणजे १३५ किलोमीटर, डांबरी रस्ता आहे. पुढे रेडबँक घळीकडे शेवटचा तुकडा कच्चा, उंच गाडीचा. भाडेकरारात कच्च्या रस्त्यावर विमा चालतो का, हे भावोजींनी सही करण्याआधी वाचावं. किंग्ज कॅन्यनकडे मेरीनी लूप या रस्त्याने जायचं ठरलं तर त्या रस्त्याचा वेगळा परवाना लागतो. टाकी ॲलिसमध्येच पूर्ण भरायची. अंधार पडायच्या आत मुक्कामी. आपली गुरं रस्त्यात बसलेली असतात, निदान दिसतात तरी. कांगारू झुडपातून एकदम उडी घेतो. शहराबाहेर मोबाईलची रेंज जाते, म्हणून एक सॅटेलाइट फोन भाड्याने घेऊ आणि रोजचा मार्ग मुक्कामाच्या ठिकाणी सांगून निघू. आपत्कालीन क्रमांक ०००.

कपडे दोन्ही टोकांचे हवेत. जुलैत दिवसा छान ऊन, रात्री पारा शून्याखालीही जातो. आईसाठी लोकरी टोपी आणि पायमोजे आत्ताच काढून ठेवा. माश्यांसाठी तोंडावरची जाळी घ्या. बघताना हसू येईल, पण तिथे लागली तर फार बरं वाटतं.

आईच्या गुडघ्यांचा विचार करून मी जागा निवडल्या आहेत. स्टँडली कॅझम या चिंचोळ्या घळीत ती दुपारी बाराच्या सुमारास पोहोचायलाच हवी, कारण तेव्हाच ऊन थेट आत उतरून दोन्ही भिंती लालभडक होतात. ऑर्मिस्टनचा चढ तिने टाळावा, खाली पांढऱ्या वाळूत बसावं. अल्बर्ट नामातजिरा (१९०२–१९५९) या अरेर्न्त (तिथल्या मूळ आदिवासी) चित्रकाराने हेच डोंगर जलरंगात रंगवले. त्याची चित्रं निघण्याआधी मुलांना दाखवा. ही अरेर्न्त लोकांची भूमी आहे. ऑकर पिट्स नावाच्या जागेतला रंगीत गेरू त्यांच्या विधींचा, त्याला हात लावायचा नाही, खडा खिशात घालायचा नाही, हे मुलांकडून घरीच कबूल करून घ्या. या राष्ट्रीय उद्यानाचा पास ऑनलाइन मी काढतो.

खाण्याचं सामान थोडंच. आंबे, बिया, ताज्या भाज्या नकोत. चिवडा, लाडू, सोलां जे काही बॅगेत जाईल ते विमानातून उतरताना भरायच्या कार्डावर लिहायचंच. लपवाछपवी नको, दंड मोठा आहे.

आणि बूट. तिथल्या विमानतळावर तळव्याला चिकटलेली माती तपासतात. जुलैत आपल्या अंगणात चिखल असतो, बुटांना बुरशी येते, आणि वाळवायला ऊन मिळत नाही. म्हणून प्रत्येकाने मेमध्येच बूट ब्रशने घासून, धुऊन, कडक उन्हात दोन दिवस वाळवावेत, प्लास्टिकच्या पिशवीत बांधावेत आणि निघायच्या दिवसापर्यंत ती पिशवी उघडू नये.